कुठल्या दारावरचा दोरा

कुलूपवाल्याचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीस वर्षं ज्याने लोकांची अडलेली दारं उघडून दिली, त्याने काय काय पाहिलं असेल. भावाने भावाच्या खोलीला ठोकलेलं कुलूप, सासूच्या कपाटाची सुनेने गुपचूप करून घेतलेली चावी, आणि दोघीही त्याच्याच दुकानात वेगवेगळ्या दिवशी येऊन "कुणाला सांगू नका हं" म्हणून गेलेल्या. त्याने कुणाला सांगितलं नाही. पण तो विसरलाही नाही.

त्याच्या दुकानाला दोन दारं होती, पुढे शटर आणि मागे लाकडी दार. दुकान बंद करताना तो दोन्ही दारांना खाली, बोटभर उंचीवर, एकेक बारीक दोरा मेणाने चिकटवायचा. सकाळी कुलूप काढण्याआधी वाकून बघायचा. दोरा तुटलेला दिसला की आत कोणी आलं होतं हे कळतं, आणि कुठल्या दाराने आलं तेही कळतं. तीस वर्षांत दोरा दोनदाच तुटला आणि दोन्ही वेळा मांजर निघालं. तरी गड्याने नेम मोडला नाही. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला बोट धरून नेलं आणि ही विद्या शिकवली. आईवेगळ्या पोरीला बापाकडून आणखी काय मिळणार.

त्या पोरीला घरात बारकी म्हणत. आता ती तेवीस वर्षांची होती, बापाच्या खांद्याच्या वर गेली होती, पण नाव बारकीच राहिलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची, आणि हात असा की मालक तिच्या कामाला दुसऱ्यांदा भिंग लावत नसे. चार महिन्यांपूर्वी ती भरदुपारी घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाही." का, ते सांगितलं नाही. त्यानंतर तिला ते झटके सुरू झाले. बसल्या जागी श्वास अडकायचा, हातांना मुंग्या यायच्या, ओठ पांढरे पडायचे, आणि आपण आत्ताच्या आत्ता मरणार असं तिला वाटायचं. छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि एका चिठ्ठीवर एका थेरपिस्ट बाईंचं नाव लिहून दिलं.

ती चिठ्ठी घरात आली आणि घराचे दोन तट पडले. एका तटात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या तटात अक्का. अक्का म्हणजे कुलूपवाल्याची थोरली बहीण. बारकीची आई गेल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि सतरा वर्षं झाली तरी तिचे चार दिवस संपले नव्हते. पोरीला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं.

"मनाचं दुखणं आहे ना, मग ते मन ज्याने दिलं त्याच्याकडे न्यायचं," अक्का म्हणाली. "आमच्या प्रार्थनाघरात आबा बसतात. किती लोकांना त्यांनी उभं केलंय. आणि पैसा घेत नाहीत."

"फुकट कोण काय देतं?" कुलूपवाला म्हणाला.

"मग त्या बाईकडे ने. ती घेते पैसे."

"पैसे घेणारी बाई दुखणं बरं कशाला होऊ देईल?"

"म्हणजे तुला दोघंही नकोत. पोरीने काय करायचं, कुलपाला मन दाखवायचं?"

बारकी खिडकीशी बसून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मी दोन्हीकडे जाते. मंगळवारी आबांकडे, गुरुवारी मॅडमकडे. महिनाभर बघू आणि मग ठरवू." एवढ्या शांतपणे बोलली की दोघांचं भांडण तिथल्या तिथे बसलं. कुलूपवाल्याला मात्र त्या शांतपणाचाच संशय आला. पोर आपल्यावर गेली आहे हे तो जाणून होता.

आबा त्याला पहिल्या भेटीत आवडले, आणि म्हणून तो जास्तच सावध झाला. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत चार खुर्च्या, एक टेबल आणि पाण्याचा तांब्या. आबा निवृत्त शिक्षक, आवाज मऊ, ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढणारे. "काळजी करू नका," ते म्हणाले. "तिचं ओझं आपण सगळे मिळून उचलू." बोलणं चांगलं होतं. त्यातल्या "सगळे मिळून" या दोन शब्दांकडे त्याने तेव्हा लक्ष दिलं नाही. एरवी शब्दाशब्दाला खरवडून बघणारा माणूस तो, पण नेमका तिथे चुकला.

थेरपिस्ट बाईंकडे त्याला लक्ष द्यायला पुष्कळ होतं. बाहेरच्या खोलीत मदतनीस मुलीचं टेबल, तिच्या मागे लोखंडी फाइलींचं कपाट आणि भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना. तो त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. क्रमांक वाचला, नूतनीकरणाची तारीख वाचली, सहीसुद्धा निरखली.

"म्हणजे माझी मुलगी इथे काय बोलली ते मला कळणार नाही?" त्याने बाईंना विचारलं.

"नाही. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी."

"मी बाप आहे तिचा."

"हो, माहीत आहे मला."

"आणि तुम्ही सांगितलंत कुणाला, तर?"

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तर तो कागद उतरवावा लागेल."

परवाना म्हणजे काय ते त्याला शिकवायची गरज नव्हती. त्याच्याही दुकानात तसाच एक कागद चौकटीत होता. ऑफिसच्या कपाटांच्या कुलपावर तोंडाशीच एक बारीक आकडा कोरलेला असतो. जाणकार कारागिराकडे नंबरांची वही असते. आकडा कळला की कुलूप न बघताही चावी कापता येते. पण मालकाचं सहीचं पत्र हातात असल्याशिवाय कापायची नाही, कापली तर परवाना रद्द. तीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. आणि तरीही त्या दिवशी बाईंशी बोलता बोलता त्याच्या डोळ्यांनी मदतनीस मुलीच्या मागच्या कपाटाचा आकडा वाचला आणि तो त्याच्या डोक्यात जाऊन बसला. त्याने मुद्दाम वाचला नाही. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

मंगळवार गेले, गुरुवार गेले. मंगळवारी प्रार्थनाघरातून आली की बारकी गाढ झोपायची. तिथलं सगळ्यांनी मिळून गायचं गाणं तिला बरं वाटे. गुरुवारी ती लाल डोळ्यांनी बाहेर यायची आणि घरापर्यंत एक शब्द बोलायची नाही. कुलूपवाला मनात हिशेब मांडायचा. जी बाई पोरीला रडवते ती औषध देते की जखम उकरते? आणि पोर तिथे माझ्याबद्दल काय सांगत असेल?

तिसऱ्या आठवड्यात जेवायला बसण्याआधी अक्काने डोळे मिटून रोजच्यासारखी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाली, "आणि त्या मशीनच्या बाबतीत आमच्या पोरीला क्षमा कर."

कुलूपवाल्याने एक डोळा उघडला. "कुठलं मशीन?"

अक्का जरा घुटमळली, पण लपवायचं काही नव्हतं. बारकीने आबांपाशी मन मोकळं केलं होतं. चष्म्याच्या दुकानातलं काच घासायचं महागडं मशीन तिच्या हातून बिघडलं, मालकाला पत्ता नाही, आणि तेच तिला आतून खातंय. आबांनी ही गोष्ट मंगळवारच्या बैठकीतल्या बाराजणांना सांगितली होती, म्हणजे सगळ्यांना मिळून तिच्यासाठी प्रार्थना करता येईल.

"प्रार्थना करायची तर कशासाठी ते कळायला नको?" अक्का म्हणाली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आबांच्याही नव्हतं. बारकीने मान खाली घालून घास घेतला, आणि थोडं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला तोंड पाडून चष्मेवाल्याकडे गेला. पोरीच्या वतीने माफी मागायची आणि नुकसान भरून देतो म्हणायचं, असं घोकत गेला. चष्मेवाला त्याच्याकडे बघतच राहिला. मशीन मागे घरघरत चाललं होतं. "बिघडलं? अहो, तिच्याइतकं हे मशीन कुणी सांभाळलं नाही. कधी येतेय ती परत?" मालकाचा चेहरा सरळ होता. मागच्या टेबलावरचा जुना कारागीर मात्र मान वर करून बघायला तयार नव्हता. कुलूपवाल्याने ते टिपलं, पण त्याचं काय करायचं ते त्याला कळलं नाही.

म्हणजे पोर देवाच्या माणसाशी खोटं बोलली. का? तर खरं ती दुसरीकडे सांगत असणार, त्या बाईला. बापाला नाही, आत्याला नाही, आबांना नाही, आणि तासाच्या भावाने ऐकणाऱ्या परक्या बाईला. हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग त्याला दुकानात काही सुचेना. दुपारी त्याने नंबरांची वही काढली, कोरी चावी शिकंज्यात धरली आणि कानस चालवली. हात सराईत होते, दहा मिनिटांत काम झालं.

गुरुवारी तो बाहेरच्या खोलीत बसला होता. मदतनीस मुलगी खाली पार्सल घ्यायला गेली. आतलं दार बंद. दारापलीकडे बारकीचा अस्पष्ट आवाज चालला होता, आणि मधेच ती हसली. चार महिन्यांत त्याने तिचं हसू ऐकलं नव्हतं. खरं तर त्याने तिथेच समाधान मानून बसून राहायला हवं होतं. पण त्याला ते हसू झोंबलं. तो उठला, चावी लावली, खण ओढला, तिची फाइल काढली आणि पहिल्याच पानावरच्या तीन ओळी वाचल्या. वडिलांना न सांगता दुसऱ्या शहरात नोकरी शोधली आहे. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला निघणार.

पुढचं वाचवेना. फाइल जागच्या जागी गेली, खण बंद झाला, तो खुर्चीत येऊन बसला. मदतनीस मुलगी पार्सल घेऊन आली तेव्हा तो परवान्याकडे बघत होता.

पुढचे तीन दिवस त्याने जे केलं ते बघून अक्कासुद्धा चकित झाली. रोज दुपारी घरी जेवायला येऊ लागला. पोरीच्या ताटात स्वतः वाढू लागला. तिच्या खोलीतला पंखा वर्षभर कुरकुरत होता तो दुरुस्त केला. माणूस इतका गोड झाला की कुणालाही संशय यावा, आणि बारकी तर त्याचीच मुलगी.

रविवारी दुपारी जेवताना तो म्हणाला, "नीट जेव. असं गरम गरम हॉस्टेलात कोण वाढणार तुला?"

बारकीचा हात ताटातच थांबला. "कुठल्या हॉस्टेलात?"

"अगं, आपलं असंच. बोलण्याच्या भरात."

"असं."

तिने हात धुतला, परत येऊन बसली आणि अगदी हळू आवाजात बोलू लागली. "आबांना मी मशीनचं सांगितलं आणि मॅडमना हॉस्टेलचं. दोन्ही खोटं. खरं सांगायच्या आधी मला बघायचं होतं, कुठलं बोलणं घरी येतं. तुम्हीच शिकवलंत ना, बाबा, दोन दारांना दोन दोरे."

"तू आबांची परीक्षा घेतलीस?" अक्काचा चेहरा उतरला.

"आबांवर राग नाही माझा, आत्या. त्यांनी बाराजणांना माझ्यासाठी बसवलं, ते चांगल्यासाठीच. तिथे गायला मी येत जाईन. फक्त तिथे बोलायचं नाही, एवढं कळलं." ती बापाकडे वळली. "मॅडमकडचा दोरा टिकेल असं वाटलं होतं. आज तोही तुटला. आता मी कुठेच जाणार नाही."

कुलूपवाल्याने ताट सरकवलं. सांगायचं होतं ते सगळं एका वाक्याचं होतं. तो गप्प बसला. परवाना जाईल, तीस वर्षांची अब्रू जाईल, ही कारणं होतीच. पण त्याहून हलकं एक कारण होतं, आणि ते त्याचं त्याला माहीत होतं. आबा गेले, बाई गेली, आता उरलो मी. आता पोर माझ्याशीच बोलेल. या विचाराने त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची त्याला लाज वाटली, आणि तरीही तो बोलला नाही.

पोर बोलली नाही. सोमवारी दोन झटके आले, मंगळवारी तीन. ती प्रार्थनाघरात गायलाही गेली नाही. बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात फरशीवर, कपाटाला पाठ लावून बसलेली त्याला सापडली. ओठ पांढरे, हाताची बोटं आखडलेली. तो गुडघे टेकून तिच्यासमोर बसला. मॅडमनी तिला श्वास मोजायला शिकवलं होतं, ते ती आठवून आठवून करत होती. बराच वेळ गेला तेव्हा तिला बोलता आलं.

"एक खरं होतं, बाबा. या गुरुवारी मी ते सांगणार होते. आता कुणाला सांगू?"

"मला सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याच्या कामाचं त्याला जितकं कळत होतं तितकंच हेही कळलं, की हे दार आपल्याकडून उघडायचं नाही. "तुम्हाला नाही सांगता येणार," ती म्हणाली आणि रडू लागली.

तो उठला आणि दुकानात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती चावी होती. ती त्याने तिच्यासमोर फरशीवर ठेवली.

"मॅडमच्या कपाटाची आहे. नंबर बघून मी कापली. तू आत होतीस तेव्हा मी तुझी फाइल काढली आणि तीन ओळी वाचल्या. त्या बाईने मला काही सांगितलेलं नाही. एक अक्षर नाही. दोरा मी तोडला."

बारकी चावीकडे बघत राहिली. आता ती किंचाळेल, उठून निघून जाईल, पुन्हा कधी बाबा म्हणणार नाही, अशा सगळ्याची त्याने वाटेत तयारी केली होती. पण तिने आधी एक लांब श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत.

"म्हणजे मॅडमनी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"नाही."

"नक्की नाही सांगितलं."

"नाही गं, पोरी."

आणि तिचे खांदे खाली आले. चार महिने कानांपाशी चढून बसलेले ते खांदे त्याच्या डोळ्यांदेखत सैल झाले. आपला बाप चोर निघाला, ही त्या पोरीला चार महिन्यांत मिळालेली सगळ्यात चांगली बातमी होती. कुलूपवाल्याला ते दिसलं. त्याने भिंतीचा आधार घेतला आणि तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

राग नंतर आला, आणि चांगला आला. दुपारभर ती त्याच्याशी बोलली नाही. अक्का बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी तो बारकीबरोबर गेला आणि मॅडमच्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या, चावी आणि आपण काय केलं ते लिहून सही केलेला कागद. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आणखी कुणाची फाइल बघितलीत?"

"नाही. फक्त हिची."

"ज्यांच्या फाइली या कपाटात आहेत त्या प्रत्येकाला मला हे सांगावं लागेल. तुमच्या परवाना मंडळालाही कळवावं लागेल."

"कळवा. चौकट मी सकाळीच उतरवली."

"आणि कुलूप मी दुसऱ्या कुणाकडून बदलून घेईन."

"चांगलं घ्या. आत्ता आहे त्याच कंपनीचं घेऊ नका, तिचे आकडे माझ्या वहीत आहेत."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आता बाहेर थांबा. बाहेर म्हणजे रस्त्यावर."

तो रस्त्यापलीकडच्या पायरीवर जाऊन बसला. एरवी तासाला संपायचं ते त्या दिवशी दीड तास चाललं. वरच्या खिडकीला पडदा होता. आत कोण काय बोलतंय ते त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि जगातली कुठलीही चावी त्याला त्यात मदत करणार नव्हती. त्याला त्या चष्म्याच्या दुकानातला मान वर न करणारा कारागीर आठवला. मुठी आवळल्या गेल्या. उठून तिकडे जावं असं वाटलं, आणि तो बसून राहिला. पोरीने आपण होऊन सांगितलं तर जायचं, हे त्याने स्वतःला तीनदा बजावलं.

बारकी खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्याने काही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून चालत राहिला. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "सांगितलं." आणि पुढे काही नाही.

घरी आल्यावर ती त्याच्या हत्यारांच्या पेटीतून मेण आणि दोरा घेऊन आली. आपल्या खोलीच्या दाराला, लपवून खाली नाही तर चांगला डोळ्यांच्या उंचीवर, तिने त्याच्यादेखत दोरा चिकटवला. लाल, जाड, कुणालाही दिसेल असा.

"हा तुमच्यासाठी," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. आता दुकान बंद आहे. बारकी खोलीतून बाहेर पडली की दोरा पुन्हा चिकटवते, आणि दिवसातून दहादा त्याला त्या दारावरून जावं लागतं. दोरा शाबूत आहे ना ते तो प्रत्येक वेळी बघतो, आणि शाबूत असला की त्याला पुढे जाता येतं.